लपवलेला दोष एजंटला माहीत असेल, तर जबाबदारी कोणाची?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. घरखरेदीत एजंटची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतेय.

माझ्या मामेबहिणीने जुनं घर घेतलं. ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसात कपाटामागची भिंत ओली झाली. सुतार बोलावून कपाट हलवलं तर मागे प्लायवूडचं नवंकोरं पॅनेल, आणि पॅनेलमागे फुगलेला गिलावा नि काळी बुरशी. हे मालकाने झाकलं यात शंका नाही. पण माझा प्रश्न मालकाबद्दल नाही. शेजारच्या काकूंकडून नंतर कळलं की आधी एका कुटुंबाने याच घराला टोकन दिलं होतं. त्यांनी इंजिनिअर आणला, भिंत तपासली आणि सौदा मोडून टोकन परत घेतलं. एजंट तोच. त्याला गाठून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही. आणि हे मालकाने सांगायचं असतं, मी फक्त घर दाखवतो."

माझं मत स्पष्ट आहे. मोडलेल्या सौद्यातून एजंटला जे कळलं ते पुढच्या खरेदीदाराला सांगणं त्याला बंधनकारक असलं पाहिजे. कायदा काय म्हणतो, तुमचे अनुभव काय, आणि एजंटची बाजू काय, तिन्ही ऐकायचं आहे.

सडेतोड
दोघांचीही जबाबदारी. मालकाने लपवलं, एजंटने लपवू दिलं. पैसे दोघांनी घेतले, तर निस्तरावंही दोघांनी.

अनाहत
असहमत. एजंट इंजिनिअर नाही. भिंतीत, स्लॅबमध्ये, पायात काय आहे हे त्याला कसं कळणार? प्रत्येक भेगेसाठी त्याला धरायचं म्हटलं तर हा व्यवसाय कोणी करणार नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना आपला माणूस नेऊन घर तपासून घेणं हे घेणाऱ्याचं काम आहे. पहिल्या कुटुंबाने तेच केलं आणि ते वाचले.

मृद्गंध
@अनाहत, दोन प्रश्न वेगळे ठेवूया. एजंटला जे माहीत नव्हतं ते एक, आणि जे माहीत होतं ते दुसरं. मी दुसऱ्याबद्दल विचारतेय. त्या इंजिनिअरने भिंत तपासली तेव्हा हा माणूस खोलीत उभा होता.

पागोळी
वाचतेय. आमचंही घर बघणं चालू आहे, त्यामुळे अगदी वेळेवर आलेला धागा.

खरेदीखत
मालमत्तेच्या दाव्यांचं काम करतो, म्हणून भारतातल्या कायद्याबद्दल लिहितो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. यातलं पहिलंच कर्तव्य विक्रेत्याचं आहे: मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला असा महत्त्वाचा दोष, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता, तो उघड करणं. याच कलमाच्या शेवटी स्पष्ट म्हटलं आहे की असं उघड न करणं ही फसवणूक आहे. कायदा दीडशे वर्षांच्या घरात आला, आणि अजूनही लोक "जसं आहे तसं घेतलंत, आता तक्रार नको" असं सांगून खरेदीदाराला परत पाठवतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. हे कलम "विरुद्ध करार नसेल तर" लागू होतं. त्यामुळे साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, "सर्व दोषांसह स्वीकारले" अशा अर्थाची ओळ आहे का ते सहीआधी बघा.

"सर्वसाधारण काळजी" हे शब्दही लक्षात ठेवा. भिंतीवर उघडा डाग होता आणि तुम्ही बघितला नाही, तर तुमची बाजू लंगडी पडते. कपाट आणि पॅनेल यांच्यामागे दडवलेली ओल सर्वसाधारण काळजीने सापडत नाही. मृद्गंध यांच्या बहिणीची बाजू इथे मजबूत आहे.

आता एजंट. कलम ५५ विक्रेता आणि खरेदीदार या दोघांपुरतं आहे, त्यात एजंटचं नावही नाही. करार अधिनियम १८७२ च्या कलम २३८ प्रमाणे एजंटने मालकाच्या वतीने काम करताना केलेली फसवणूक मालकाने केल्यासारखीच धरली जाते. म्हणजे एजंट खोटं बोलला तर मालकही अडकतो. एजंटला स्वतःच्या फसवणुकीसाठी वेगळं धरता येतं, पण त्याला माहीत होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मोडलेला सौदा नेमका इथे उपयोगी पडतो.

तिसरा_जिना
रेरा (स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा) आल्यापासून एजंटची नोंदणी सक्तीची झाली ना? मग तक्रार तिथे का नाही करायची?

खरेदीखत
@तिसरा_जिना, चांगला प्रश्न, कारण गैरसमज इथेच होतो. रेरा कायदा २०१६ चा. कलम ९ नुसार एजंटची नोंदणी, कलम १० मध्ये त्याची कर्तव्यं. तोंडी, लेखी किंवा चित्रातूनही खोटं चित्र उभं करायचं नाही, आणि खरेदीदाराला ज्या माहितीचा नि कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यायला मदत करायची. मोडलं तर कलम ६२: रोज १० हजार रुपये दंड, एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. कागदावर कडक आहे. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाने, २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रही सक्तीचं केलं.

पण हे सगळं रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या व्यवहारांसाठी. रेराच्या आधी पूर्ण झालेल्या इमारतीतलं घर एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलं, तर तो व्यवहार सहसा या चौकटीत बसत नाही. आणि लपवलेले दोष जास्त कुठे सापडतात? जुन्या घरांतच.

कलम १४(३) मधली पाच वर्षांची हमी बिल्डरवर आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवला तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. त्यात एजंट येत नाही.

सडेतोड
म्हणजे जिथे दोष जास्त, तिथे एजंटवर लक्ष कमी. हे चित्र उलटं हवं.

वळचण
स्थापत्य अभियंता आहे, खरेदीआधीची तपासणी हेच रोजचं काम. @अनाहत म्हणतात एजंटला कसं कळणार. पुष्कळसे लपवलेले दोष डोळ्यांना दिसतात. फक्त ते दोषासारखे दिसत नाहीत, डागडुजीसारखे दिसतात. घरभर रंग जुना आणि एकाच भिंतीला ताजा. एकाच खोलीला फॉल्स सीलिंग, तेही नेमकं वरच्यांच्या न्हाणीघराखाली. स्कर्टिंगच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय कितीही हात रंगाचे द्या, लोणा परत येणारच. स्विचबोर्डाचे स्क्रूही बघत जा. बाकी घरातले स्वच्छ आणि एकाच बोर्डाचे गंजलेले असतील तर त्या भिंतीत ओल आहे हे जवळपास नक्की.

एक घर सांगतो. दिवाणखान्याच्या बीमला खालून गुळगुळीत पुट्टी आणि वर छान पांढरा रंग. लहान हातोडीने टकटक करत सरकत गेलो. भिंतीजवळ खणखणीत आवाज, मध्यावर आलो तसा पोकळ. मालकाची परवानगी घेऊन हाताएवढी पुट्टी खरवडली. खालचं काँक्रीट सुटून हातात आलं आणि आतली सळई तपकिरी पापुद्र्यांनी फुगलेली दिसली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. पुट्टी लावून ते थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. एजंट तिथेच होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हे रिपोर्टमध्ये लिहिलंच पाहिजे का?"

त्या प्रश्नानंतर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय त्याच्याकडे राहत नाही. खरेदीदाराने घर सोडलं. पुढे त्याच घराची जाहिरात मी बघितली, "नुकतंच नूतनीकरण केलेलं" असं लिहून.

अनाहत यांची एक गोष्ट मात्र मान्य. न्हाणीघराच्या फरशीखालची पाइपलाइन, भिंतीतलं वायरिंग, पाया, यातलं काही नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. तिथे एजंटला धरणं अन्याय होईल.

पागोळी
@वळचण, खूप आभार. स्क्रूचं लगेच वहीत लिहून घेतलं.

मध्यस्थ_मी
बराच वेळ वाचत होतो. मी या व्यवसायात आहे, त्यामुळे आमची बाजूही यावी असं वाटलं.

पहिली गोष्ट, सगळे एजंट लपवाछपवी करत नाहीत. मला पुढची गिऱ्हाइकं मागच्या गिऱ्हाइकांच्या शब्दावर मिळतात. एका घरात फसलेला माणूस दहा जणांना सांगतो, ते मला परवडत नाही. दुसरी, आम्हाला मालक नेमतो. मी प्रत्येक येणाऱ्याला "आधीच्यांनी सौदा का मोडला" हे सांगत बसलो तर मालक दुसऱ्या दिवशी घर दुसऱ्याकडे देतो. आणि मोडलेल्या सौद्यामागे दरवेळी दोषच असतो असंही नाही. कर्ज मंजूर होत नाही, घरात एकमत होत नाही, कोणाला अचानक दुसरं घर आवडतं.

तिसरी आणि खरी गोष्ट मोबदल्याची. सौदा झाला तर दलाली मिळते, मोडला तर शून्य. कितीही खेटे घातले, कागद जमवले, तरी शून्य. जो एजंट तोंड उघडतो त्याचा महिना कोरडा जातो, आणि जो गप्प बसतो त्याचा भरतो. व्यवस्थाच अशी असेल तर दर वेळी चांगुलपणाची अपेक्षा एकट्या एजंटकडून कशी करायची?

मृद्गंध, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं ते चूकच. मी त्याचं समर्थन करत नाही.

मृद्गंध
@मध्यस्थ_मी, तुम्ही लिहिलंत याचं मनापासून कौतुक. पण एक विचारते. मालक नेमतो म्हणता, तर बहिणीकडून दलाली का घेतली? दोन्हीकडून घेतली होती.

सडेतोड
हा प्रश्न लाखमोलाचा. मोबदला दोन्हीकडून आणि निष्ठा एकीकडे, हे कुठल्या हिशेबात बसतं?

खरेदीखत
"मालकाचं गुपित" या मुद्द्यावर थोडं. एजंटने मालकाशी एकनिष्ठ राहावं हे कायद्यालाही मान्य आहे. मालक किती खाली यायला तयार आहे, त्याला पैशाची निकड आहे का, घरात वाद चालू आहेत का, हे एजंटने पोटात ठेवलंच पाहिजे. ते मालकाचं खासगी आहे. भिंतीतली ओल खासगी नाही. ती विकल्या जाणाऱ्या वस्तूचा भाग आहे आणि व्यवहारासोबत घेणाऱ्याकडे जाते. फसवणुकीत साथ देणं हा निष्ठेचा भाग कधीच नव्हता. दोष जाणूनबुजून, लबाडीने दडवणं ही फौजदारी कायद्यातही दिशाभूलच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ४१५ च्या स्पष्टीकरणात ते होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे.

दूरदेशी
कॅलिफोर्नियात राहते. इथे हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी न्यायालयात गेला होता आणि निकालाने सगळ्या एजंटांचं काम बदललं, म्हणून सविस्तर लिहिते.

खटला ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर, निकाल १९८४ चा. उतारावरच्या, भराव टाकलेल्या जमिनीवरचं घर १९७६ मध्ये विकलं गेलं. भराव नीट दाबून पक्का केलेला नव्हता. विकणाऱ्यांच्या काळात माती घसरून झाली होती आणि ती धरून ठेवायला त्यांनी उतारावर जाळी लावली होती. घेणाऱ्या बाईंना कोणी काही सांगितलं नाही. खरेदीनंतर लवकरच जमीन मोठ्या प्रमाणात खचली आणि घराचं अतोनात नुकसान झालं.

पुढचा भाग आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचा. विकणाऱ्यांनी हे एजंटांनाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे अनाहत म्हणतात तशी स्थिती, एजंटला प्रत्यक्ष माहिती नाही. तरीही न्यायालयाने एजंट कंपनीला जबाबदार धरलं. का? घर दाखवणाऱ्या एजंटांपैकी एकाने उतारावरची जाळी बघितली होती. आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीची जमीन समपातळीत नव्हती, तेही लक्षात आलं होतं. जमीन भरावाची आहे याची कल्पना होती. एवढी धोक्याची चिन्हं समोर असताना कोणी मातीची तपासणी सुचवली नाही आणि घेणाऱ्या बाईंनाही काही सांगितलं नाही. न्यायालयाने म्हटलं की एजंटने घराची वाजवी काळजीने पाहणी करावी आणि त्यातून जे उघड होईल ते खरेदीदाराला सांगावं.

त्यानंतर विधिमंडळाने १९८५ मध्ये हे कायद्यात आणलं, नागरी संहितेचं कलम २०७९. तिथे एजंटालाही न्याय दिला आहे. पाहणी डोळ्यांनी करायची, जिथे सहज जाता येतं तिथेच. भिंती फोडायच्या नाहीत, जमीन उकरायची नाही. ताबा मिळाल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. आज आम्ही घर घेतो तेव्हा विक्रेत्याचा वेगळा फॉर्म येतो आणि एजंटने खोलीनिहाय काय बघितलं याचा वेगळा फॉर्म येतो. आमच्या घराच्या फॉर्मवर एजंटने लिहिलं होतं: "गॅरेजच्या जमिनीला आडवी भेग, मागच्या दाराची चौकट घासते." दोनच ओळी. पण त्यांच्या आधारे आम्ही तज्ज्ञ बोलावला.

वळचण
@दूरदेशी, ही माहिती सोन्यासारखी आहे. "भेग आहे" एवढं लिहायला इंजिनिअर लागत नाही. भेग का आहे ते सांगायला मी आहे. एजंटकडून फक्त पहिल्या अर्ध्या भागाची अपेक्षा आहे.

अनाहत
असं मांडलं तर मलाही हरकत नाही. माझा आक्षेप होता तो एजंटला तज्ज्ञ समजण्याला. डोळ्याला दिसलं ते लिहा, आधीच्या तपासणीत कळलं ते लिहा, कारण शोधायची जबाबदारी मात्र घेणाऱ्याची. हे व्यवहार्य वाटतं.

पण काळजीचा एक मुद्दा उरतो. फॉर्म सक्तीचा केला की सगळ्या ओळींसमोर "माहीत नाही" असं छापील उत्तर येईल.

दूरदेशी
@अनाहत, "माहीत नाही" हेसुद्धा सहीखालचं विधान असतं. माहीत होतं असं नंतर निघालं तर तो कागदच पुरावा होतो.

उंबरा
थोडं अवांतर. घरात भूत असेल तर ते सांगायचं की नाही? न्यूयॉर्क राज्यात १९९१ मध्ये खरोखर असा निकाल आहे. घरमालकीणबाईंनी आपल्या घरात भुतं आहेत असं स्वतःच मासिकात आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलं होतं. घेणारा बाहेरगावचा, त्याला पत्ता नाही. न्यायालयाने म्हटलं, कायद्यापुरतं हे घर झपाटलेलं आहे, आणि त्याला व्यवहारातून बाहेर पडू दिलं.

तिसरा_जिना
@उंबरा 😂 भूत जुनं रहिवासी निघालं तर सोसायटीत मत देण्याचा पहिला हक्क त्याचा!

पागोळी
आणि वळचणसाहेब, भुताच्या तपासणीला कुठली हातोडी?

वळचण
@पागोळी, तीच. पोकळ आवाज आला की भूत नसून गंजलेली सळई निघते, आणि ती जास्त घाबरवते.

उंबरा
हसून झालं, पण या निकालातला एक भाग आपल्या धाग्याला लागू आहे. व्यवहारातून सुटका मिळाली ती विक्रेत्याविरुद्ध. दलालाकडून नुकसानभरपाईची मागणी टिकली नाही. म्हणजे एजंट सुटला, इतक्या प्रसिद्ध खटल्यातही.

दक्षिणध्रुव
ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात उलट आहे. इथे कर्तव्य थेट एजंटच्या परवान्याला जोडलंय. मालमत्ता आणि एजंटांबद्दलच्या २००२ च्या कायद्यात महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून व्यवहार घडवून आणायला एजंटला बंदी आहे, आणि नियमांत यादीच दिली आहे: गेल्या ५ वर्षांत पूर किंवा वणव्याचा फटका बसला का, त्या जागेत ५ वर्षांत खून झाला का, बाहेरच्या आवरणात आग पकडणारी पत्रं आहेत का, वगैरे. यादी असल्यामुळे वाद कमी होतात. "हे महत्त्वाचं आहे असं मला वाटलं नाही" ही पळवाट उरत नाही.

सडेतोड
@मध्यस्थ_मी, हे वाचल्यावर तुम्हाला काय वाटतं? अशी यादी इथे आली तर तुमच्यासारख्या सरळ माणसाला त्रास होईल की मदत?

मध्यस्थ_मी
मदत होईल, आणि का ते सांगतो. आज मालकाला मी म्हटलं की ओल आहे ते सांगूया, तर तो म्हणतो, "तुला काय पडलंय? बाजूचा एजंट नाही सांगत." कायद्याने सगळ्यांना एकच फॉर्म भरायला लावला तर हे वाक्य बंद होईल. मी मालकाला म्हणू शकेन की माझा परवाना जाईल. आज सांगायला माझ्याकडे फक्त सदसद्विवेक आहे, आणि मालकासमोर तो पुरत नाही.

@मृद्गंध, दोन्हीकडच्या दलालीबद्दल तुम्ही विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडून मोबदला घेतला त्याच्याबद्दल कर्तव्य येतंच, हे मला मान्य आहे. घेणाऱ्याने वेगळा एजंट करावा आणि त्याची फी ठरावीक असावी, सौदा होवो न होवो, असं माझं कधीपासूनचं म्हणणं. पण तशी फी द्यायला लोक तयार होत नाहीत. सौदा झाला नाही तर पैसे कशाला, असं सगळे म्हणतात.

अनाहत
हे पटलं. "हे घर घेऊ नका" असं सांगणाऱ्याला पैसे द्यायची आपली तयारी हवी.

परदेशस्थ_आजोबा
इंग्लंडमधला अनुभव. इथे एजंट सहसा विक्रेत्याचाच असतो, आम्ही खरेदीदार त्याला काही देत नाही. तरीही घेणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती दडवणं ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा धरतात. २००८ चे नियम होते, त्यांची जागा एप्रिल २०२५ पासून २०२४ च्या नव्या कायद्याने घेतली. शिवाय प्रत्येक एजंटला मान्यताप्राप्त तक्रार निवारण योजनेचं सभासद व्हावंच लागतं, त्यामुळे न्यायालयात न जाता लोकपालाकडे जाता येतं. माझ्या मुलाच्या बाबतीत पहिला सौदा तपासणीच्या अहवालामुळे मोडला होता. दुसऱ्या घराच्या वेळी त्याने एजंटला ईमेलवर एकच प्रश्न विचारला: "या घराचा आधी मोडलेला सौदा तपासणीमुळे मोडला होता का?" एजंटने दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर दिलं, हो, छतामुळे. मग किंमत कमी करून सौदा झाला आणि दोघेही खूष.

मृद्गंध
आजोबा, नेमकं हेच! सांगितलं म्हणून सौदा मोडला नाही, फक्त किंमत बदलली. दोष दडवून कोणाचं भलं होतं हा माझा प्रश्नच आहे. ओल दुरुस्त करता येते. बहिणीचा राग खर्चावर नाहीये. ती त्या खोलीत बाळाचा पाळणा लावणार होती, बुरशी असलेल्या भिंतीला लागून, आणि एका माणसाला ते माहीत होतं.

पागोळी
हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही बघतोय त्या घराच्या एजंटला आजोबांचा प्रश्न आजच लेखी पाठवते.

मध्यस्थ_मी
@पागोळी, पाठवाच. सोबत हेही विचारा: मालकाच्या काळात कुठली दुरुस्ती झाली, तिची बिलं आहेत का, आणि वरच्या किंवा खालच्या घराशी गळतीवरून पत्रव्यवहार झाला का. सोसायटीच्या दप्तरात गळतीच्या तक्रारी असतात, मालकाच्या संमतीने त्या बघायला मिळतात. प्रामाणिक एजंटला या प्रश्नांचा राग येणार नाही.

तिसरा_जिना
+१. आणि उत्तर फोनवर आलं तर "आपलं आत्ता असं बोलणं झालं" म्हणून मेसेज टाकून ठेवा.

मृद्गंध
@खरेदीखत, आता मूळ मुद्द्यावर येते. बहिणीने नेमकं काय करावं? कंत्राटदार सोमवारपासून भिंत फोडायला तयार आहे.

खरेदीखत
भिंत आत्ता फोडू नका. आधी स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल घ्या, तारखेसह फोटो, ओल मोजणाऱ्या मीटरची नोंद, आणि पॅनेल व कपाट कधी बसवलं असावं याबद्दल त्याचं मत. काढलेलं पॅनेल फेकू नका, त्याच्या मागचा डाग हा पुरावा आहे. बुरशीचा त्रास होत असेल तर अहवाल झाल्या झाल्या दुरुस्ती करा, खोली वापरात ठेवू नका.

मग पहिलं कुटुंब शोधा. त्यांच्या इंजिनिअरचा अहवाल, टोकन परत आल्याची बँकेतली नोंद आणि एजंटशी झालेले मेसेज, हे तीन कागद मिळाले तर "त्याला माहीत होतं" हे दाखवायला दुसरं फार काही लागत नाही. मेसेज सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोनमधले मेसेज पुसू नयेत असं त्यांना आधीच सांगा.

त्यानंतर मालक आणि एजंट दोघांना एकत्र नोटीस. दोघांनाही, कारण एकट्याला पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकमेकांच्या उत्तरातून पुष्कळ बाहेर येतं. मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालय. नुसत्या घरविक्रीसाठी मालकाला ग्राहक आयोगात खेचणं कठीण असतं. एजंटचं वेगळं आहे. त्याने बहिणीकडून मोबदला घेऊन सेवा दिली, त्यामुळे सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता त्याच्यासाठी मोकळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे त्याला दोन वर्षांची मुदत आहे. त्याने दलालीची पावती दिली का? नसेल तर पैसे कसे दिले ते शोधा.

मृद्गंध
पावती नाही, पण बँकेतून दिले आहेत. नोंद आहे.

खरेदीखत
मग उत्तम. त्याच्या "मी फक्त घर दाखवतो" या वाक्याला ती नोंद पुरेशी आहे.

अनाहत
एक शंका. तपासणी केलीच नाही म्हणून बहिणीच्या विरोधात जाईल का?

खरेदीखत
एजंट तो मुद्दा नक्की काढेल. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये तशी तरतूद आहे, सर्वसाधारण तत्परतेने सत्य कळू शकत होतं तर करार रद्द करता येत नाही. पण दुसऱ्याच्या राहत्या घरातलं भिंतीला ठोकलेलं कपाट उखडून बघणं हे सर्वसाधारण तत्परतेत बसत नाही, आणि मुद्दाम झाकलेल्या दोषाला न्यायालयं वेगळ्या नजरेने बघतात. करार रद्द न करता नुकसानभरपाई मागण्याचा पर्यायही आहे. बहिणीला घर ठेवायचं असेल तर तोच घ्या.

मृद्गंध
तिला घर ठेवायचंच आहे. कंत्राटदाराला थांबवलं. @वळचण, अहवालासाठी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

पहिल्या कुटुंबाचा नंबर काकूंकडून मिळाला. ताईंशी बोलणं झालं, त्या अहवाल द्यायला तयार आहेत. म्हणाल्या, एजंटने त्यांच्याकडे अहवालाची प्रत मागून घेतली होती, "मालकाला दाखवतो" म्हणून. नोटीस या आठवड्यात जाईल. मोडलेल्या सौद्याची माहिती दडवल्याबद्दल एजंटविरुद्ध ग्राहक आयोगाचा आदेश कोणाच्या पाहण्यात असेल तर प्रकरण क्रमांक इथे द्या, वकिलांना हवा आहे.